बॉयलरची राख आणि यासीन मिस्त्री

गिरणीत नोकरी केली की किस्से आपोआप साठतात. बॉयलरमागच्या राखेसारखे, कुणी मागत नाही तरी ढीग वाढतच जातो. मी सोलापूरच्या एका गिरणीत स्टोअरचा कारकून होतो. माझ्या वाट्याला आले ते सगळे यासीन मिस्त्रीचे.

मिस्त्री गवंडी. त्याचं म्हणणं, बॉयलरची राख चाळून चुन्यात मळली, तर धाबं, म्हणजे घराचं सपाट छत, गळत नाही. पहिली परीक्षा पहारेकऱ्याच्या खोलीवर. वर राख-चुन्याचा थर दिला, कडेनं बांध घालून पाणी तुंबवलं. पहारेकरी भीमण्णा तीन दिवस खाली छत्री उघडून बसला. मी विचारलं, "गळतंय का?"

"न्हाय. पर छत्री मिटायला धीर हुईना की."

दुसरा प्रयोग वाफेच्या पाइपावर. आतली उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून राख, माती अन् बकऱ्याचे केस कालवून जाड लेप दिला. मॅनेजरसाहेब बघायला आले. मिस्त्रीनं उघडा तळहात लेपावर ठेवला. साहेब घड्याळाकडं बघतायत, हात तिथंच. ते गेल्यावर मी तळहात उलटून पाहिला; लालसुद्धा झाला नव्हता. "मग एवढा घाम कशाचा?"

"भाऊसाहेब, भ्या तर वाटतंयच की."

मग सुताच्या गोदामाचं धाबं आलं. तिथं राख वापरा, असं सुचवणाऱ्या कागदावर सही माझी. साहेब म्हणाले, "गठ्ठ्यावर एक थेंब पडला, तर दोघंही घरी बसा."

आषाढात चार दिवस झड लागली. मी गठ्ठ्यांवर हात फिरवत हिंडायचो. चौथ्या दुपारी भिंतीला ओल दिसली. मिस्त्री भर पावसात शिडीनं वर चढला, मागून मी. पन्हळीत कबुतराचं घरटं अडकलेलं, धाब्यावर घोटाभर पाणी. ते कडेनं भिंतीत मुरत होतं. थरातून मात्र काही उतरलं नव्हतं. मिस्त्रीनं घरटं उपसून पन्हळ मोकळी केली.

साहेब आले, कोरडे गठ्ठे चाचपून खूष झाले. "मिस्त्री, पाऊस उघडला की माझ्या बंगल्यावर हाच थर."

त्या झडीत गिरणीच्या चाळीत घरोघर गळतीखाली भांडी मांडलेली होती. मिस्त्री तिथंच राहायचा. डोक्याचं ओलं फडकं पिळत तो म्हणाला, "करतो की साहेब. पर चाळलेली राख समदी सकाळीच चाळीकडं गेलीया. तुमच्या बंगल्यापुरती साठायला दिवाळी उजाडंल."