गव्हाचं पोतं आणि इंदूरहून आलेली गाडी

मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये पहिला रंगीत टीव्ही आला, त्याच वर्षी माझ्या नवऱ्याची इंदूरहून मुंबईला बदली झाली. मुलीच्या शाळेसाठी मी तिला घेऊन आधी आले. हे मागे राहिले, घर आवरायला आणि आमची जुनी गाडी ट्रकवर चढवून द्यायला.

गाडी मी इंदुरात शिकले होते, लायसन्सही होतं. पण चालवायची ती रविवारी सकाळी, मोकळ्या रस्त्यावर, हे शेजारी असताना. "मुंबईत मी स्टीअरिंगला हात लावणार नाही," असं मी ठणकावून सांगितलं होतं. खरं म्हणजे भीती वाटत होती. आता जन्मभर डावीकडेच बसायचं, या विचाराने रडूही यायचं, पण सांगणार कुणाला?

ह्यांचा ट्रंक कॉल आला. "गाडी परवा चेकनाक्याजवळ ट्रान्सपोर्टवाल्याच्या आवारात उतरेल. तळमजल्यावरच्या काकांना घेऊन जा, ते आणतील." काका अंगाने चांगलेच आडवे, पोट सुटलेले. स्वतःची गाडी होती आणि बायकांच्या ड्रायव्हिंगबद्दल ठाम मतंही होती.

हमालांनी फळ्या लावून गाडी खाली ढकलली. आत पाहिलं आणि माझं डोकंच सणकलं. भाडं भरलंच आहे तर गाडी रिकामी कशाला पाठवायची, ही आपल्या लोकांची खोड! मागच्या सीटवर गाद्या, पुढे डावीकडे पाटा-वरवंटा आणि पातेल्यांचं गाठोडं. ड्रायव्हरची सीट पार पुढे ओढलेली, आणि तिच्या मागे इंदूरच्या गव्हाचं पोतं ठासून बसवलेलं.

काका आत शिरायला गेले, तर पोट स्टीअरिंगला अडलं. सीट मागे सरकेना. हमालांनी पोतं ओढून पाहिलं, ते हलेना.

"काय माणूस आहे तुझा!" काका घामाघूम झाले. "राहू दे. उद्या कुणीतरी बारीक ड्रायव्हर बघतो. हे काही बायकांचं काम नव्हे."

झालं! माझी सटकली. "किल्ली द्या काका. तुम्ही रिक्षाने पुढे व्हा."

बसले, तर पाय बरोब्बर क्लचवर. आग्रा रोडवर दोनदा बंद पडली. मागचा टेम्पोवाला ओरडला, "ओ ताई, झोपलात काय?" मी सुरू केली आणि निघाले. पाठीला गव्हाचं पोतं टोचत होतं, आणि तरी मला मोठमोठ्याने गावंसं वाटत होतं. बिल्डिंगच्या गेटातून गाडी आत घेतली तेव्हा मुलगी गॅलरीतून किंचाळली, "आई चालवतेय!"

सामान उतरवताना डिकी उघडली, तर पूर्ण रिकामी. म्हटलं, कमालच झाली! एवढी डिकी असताना पोतं सीटमागे कोंबायचं? येऊ देत, चांगली हजामत करते.

आठवड्याने हे आले. दारातच मी तोफ डागली. "अहो, पोतं डिकीत ठेवायला काय झालं होतं?"

ह्यांनी शांतपणे बूट काढले. "डिकीत ठेवलं असतं तर काका बसले असते ना."

माझे डोळे भरून आले, आणि रागही येईना.

संध्याकाळी जुहूला निघालो. गाडीपाशी ह्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. मी डावीकडचं दार उघडून दिलं.