खरा टाइम सांग

"खरा टाइम सांग."

नमस्कार नाही, चहा नाही. कानावरची पेन्सिल काढत नाना आधी हेच म्हणायचे. जळगावच्या प्रौढांच्या जलतरण स्पर्धेत आठशे मीटरची यादी तेच लावत. दीपनगरच्या वीज केंद्रातली नोकरी संपल्यावर घेतलेलं हे बिनपगारी काम. बाई, पुरुष, वय काही बघायचे नाहीत. सारख्या वेळेचे लोक एका गटात. सगळ्यात हळू गट सकाळी साडेसहाला, ऊन चढायच्या आत. वेगवान गट शेवटी.

लोक खोटं बोलत. पुरुष दोन मिनिटं कमी सांगत, बायका संकोचानं दोन वाढवून. नाना एकेकाला फोन करून खोडत बसायचे.

मला तेव्हा पत्रकं काढायची खाज होती. मी छापलं: 'हळू पोहणाऱ्यांना पहाटे का लपवता? चिठ्ठ्या टाका, सगळ्यांना समान वागणूक द्या!' खाली अध्यक्षांच्या मनमानीवरही चार ओळी लिहिल्या, आणि फाटकाशी उभी राहून पत्रक वाटलं. अध्यक्ष घाबरले. चिठ्ठ्या ठरल्या.

नाना एवढंच म्हणाले, "पानीमा एकटं वाटनं का हात जड व्हई जातस, बेटा."

मी म्हटलं, "नाना, हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"शे ना. पन पव्हनार कोन शे?"

पोहणार होत्या अक्का. रावेरकडच्या, केळीच्या बागा सांभाळणाऱ्या, साठीत पोहायला शिकलेल्या. आठशे मीटर म्हणजे सोळा फेऱ्या. त्यांना एकदा तरी यादीत 'पूर्ण' लिहून घ्यायचं होतं. चिठ्ठीनं त्यांना वेगवान पोरांत टाकलं. तेराव्या-चौदाव्या मिनिटाला पोरं बाहेर येऊन अंग पुसू लागली. अक्कांच्या आठ फेऱ्या बाकी. अख्ख्या तलावात एकट्या. माइकवाला म्हणाला, "टाळ्या होऊ द्या आपल्या अक्कांसाठी!" टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

बाराव्या फेरीला त्यांनी कठडा धरला. तिथे फेऱ्यांच्या आकड्यांची पाटी घेऊन नाना उकिडवे बसले होते.

"चारच राहिल्या, अक्का."

"पुरे, नाना. बठ्ठे लोक माझ्याकडेच बघून राह्यले."

नानांनी 'अपूर्ण' लिहिलं. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मी वाद घातला असता.

पुढच्या वर्षी चिठ्ठ्या बंद, यादी पुन्हा नानांची. साडेसहाचा गट, अक्कांच्या वेळेचे पाच जण. बघायला कोणी नव्हतं आणि कोणाला गरजही नव्हती. अक्का पूर्ण सोळा फेऱ्या पोहल्या, दुसऱ्या आल्या आणि बाहेर येताच वरणगावच्या एका निवृत्त मास्तरांवर उखडल्या, "हातभर मागं राहिली हो! पुढच्या खेपेला दाखवते तुम्हाला!" नाना पाटी पुसत होते. हसले असावेत; पाठ होती माझ्याकडे.

ते पत्रक मी अजून फाडलेलं नाही. अध्यक्षांबद्दल त्यात लिहिलेलं सगळं खरंच होतं.

या हिवाळ्यात नाना गेले. पेन्सिल घरच्यांनी ठेवली, यादी माझ्याकडे आली. परवा अक्कांचा अर्ज बघितला. वेळ: तीस मिनिटं. मी फोन लावला.

"अक्का, खरा टाइम सांगा."



"नाना गेले. मला वाटलं, आता कोण विचारतंय." मग खाकरून, "सत्तावीस. लिही."

मी खोडलं, लिहिलं.

"माझ्यासंगे आहे का कोणी?"

"सत्तावीसवाले अजून तिघं आहेत, अक्का."

"मास्तर?"

"शेजारच्याच लेनमध्ये."

"मग ये म्हणावं त्याला," अक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला.