अप्पांची परीक्षा आणि आईचं कुजबुजणं

हुबळी-धारवाडच्या आम्हा मराठी लोकांचा एक खुळा समज आहे. बाहेर कानडीत बोलावं आणि गुपित असलं की मराठीत कुजबुजावं, म्हणजे कुणाला कळत नाही. खरं तर भाजीवालीपासून बसच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांना कळतं. लोक बिचारे न कळल्यासारखं करतात, एवढंच.

या विद्येत माझी आई तयार. अप्पा हायस्कुलात जीवशास्त्र शिकवायचे. बेडकाची हाडं त्यांना तोंडपाठ, नातेवाईक नाहीत. लग्नात कुणी समोर आलं की आई मागून पुटपुटायची, "अळणावरच्या आत्याबाईंचे जावई." लगेच अप्पा, "या या, जावईबापू!" त्यामुळे अप्पांचं विसरणं वाढलंय हे आम्हाला फार उशिरा कळलं. आईने कळूच दिलं नाही.

मग एका सकाळी उणकलच्या तळ्यावर फिरायला गेलेले अप्पा घरचा रस्ता चुकले. आम्ही त्यांना हुबळीत मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी कानडीत तीन शब्द सांगितले: आंबा, घोडा, कुलूप. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ते परत विचारले.

"माविनहण्णु," अप्पा म्हणाले. "कुदुरे." आणि अडले.

आई छताकडे बघत मराठीत पुटपुटली, "कुलूप."

अप्पा गर्रकन वळले. "परीक्षेत बोलायचं नाही! वर्गाबाहेर काढीन."

डॉक्टर स्वच्छ मराठीत म्हणाले, "काकू, माझं आजोळ बेळगावचं." आई घाईघाईने पर्समध्ये काहीतरी शोधू लागली.

पुढे तपासण्या झाल्या, स्कॅन झाले आणि अल्झायमर ठरला. डॉक्टरांनी पडद्यावर मेंदू दाखवला. अमायलॉइड नावाचं प्रथिन मेंदूत तयार होतच असतं, म्हणाले; पण त्याचे तुकडे एकमेकांना चिकटून पेशींच्या मध्ये साचतात, त्यांना प्लाक म्हणतात. विसरायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी ते साचायला सुरुवात होते.

"मी म्हणतच होते की!" आई म्हणाली. "लग्नाच्या पहिल्याच वर्षी मला अळणावर स्टेशनात विसरून हे गाडीत बसले होते."

"ते अमायलॉइड नव्हतं. तू चहावाल्याशी भांडत होतीस," अप्पा म्हणाले. मग डॉक्टरांकडे वळले. "हे प्लाक रोगाचं कारण, की नुसती खूण?"

"सर, त्यावर अजून वाद आहे. पुष्कळदा सुरुवात तिथून होते असं दिसतं, पण सगळा दोष एकट्या त्यांचा नाही. काही म्हाताऱ्यांच्या मेंदूत प्लाक असतात आणि आठवण शाबूत असते. प्लाक काढणारी औषधं आली आहेत. ती अगदी सुरुवातीला दिली तर घसरण थोडी सावकाश होते. गेलेलं परत येत नाही."

"अर्धे मार्क," अप्पा म्हणाले.

आईने एकच विचारलं, "मला विसरतील का हो?" डॉक्टर पडदा बंद करून पुढच्या तपासणीची तारीख लिहू लागले. मला आईचा हात धरायला हवा होता. मी आपली फायलीचे कागद लावत बसले.

घरी आईची कॉपी उघडउघड सुरू झाली. शेजारी आला, नाव सांग. नातू आला, नाव सांग. अप्पा चिडायचे आणि तिचं उत्तर खपवायचे. ती चेष्टा करायची, "माझ्या जिवावर पास होताय." पण कुणी फोन करून 'अप्पा कसे आहेत' विचारलं की "मला ओळखतात ना," एवढंच सांगायची.

परवा दुपारी मी आणि अप्पा चहा घेत होतो. आई गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन आली आणि समोर घड्या घालत बसली. अप्पा माझ्या कानाशी वाकले. परक्या माणसासमोर आम्ही कुजबुजतो तसे, हळू आवाजात, मराठीत म्हणाले, "ह्या बाई कोण गं?"

 मी चहाचा कप खाली ठेवला.

आईने टॉवेलवरची नजर काढली नाही. सवयीने पुटपुटली, "बायको."

अप्पांनी डोळे वटारले. "परीक्षेत बोलायचं नाही." मग ताठ बसले आणि मला खणखणीत आवाजात सांगितलं, "बायको."

"बरोबर," आई म्हणाली, आणि घातलेली घडी मोडून तिने ती परत घातली.