नारळावर हात ठेवून

शेजारणीचा मुलगा मुंबईत काय करतो असं कुणी विचारलं, की आम्ही मांडवीतल्या बायका सांगायचो, "कॉम्प्युटरचा धंदा आहे." त्यापुढे आम्हाला काही ठाऊक नव्हतं आणि खरं सांगायचं तर त्याच्या आईलाही नव्हतं. दोन हजार सालानंतरची गोष्ट ही. इंटरनेट हा शब्द आम्ही नुकता कुठे बोलायला लागलो होतो.

तिच्याकडे आमसुलं वाळत घालत बसलो होतो, तेव्हा सावर्ड्याची एक मुलगी आली. पंचविशीची असेल. म्हणाली, "काकी, तुमच्या मुलाला सांगा, माझे फोटो काढून टाक म्हणावं." साड्यांच्या जाहिरातीसाठी म्हणून त्याने तिला मुंबईला बोलावलेलं, आणि कपडे बदलायच्या खोलीत कॅमेरा लपवून ठेवलेला. ते फोटो तो पैसे घेऊन कॉम्प्युटरवर लोकांना दाखवत होता. हिचं लग्न ठरलं होतं. सासरच्यांनी बघायच्या आत ते जायला हवे होते. नाहीतर पोलिसांत जाते, म्हणाली.

शेजारणीने तिला थोडे दिवस थांब म्हणून घरी पाठवलं आणि माझ्याच घरून मुलाला फोन लावला. "येतोस, की मी येऊ तुझ्या हापिसात?"

आला. आल्या आल्या म्हणतो कसा, "आई, बाहेरदेशी या धंद्याला कुणी नावं ठेवत नाही."

"मी मांडवीत राहते. तिचे फोटो दे."

त्याने एक पाकीट आणि दोन सीड्या काढून दिल्या. तेवढ्यावर शेजारणीचं समाधान होईना. देवापुढे नारळ ठेवला नि म्हणाली, "हात ठेव. म्हण, माझ्याकडे तिचं काही उरलं नाही." त्याने हात ठेवला आणि शांतपणे म्हटलं. आता आमच्याकडे नारळावर हात ठेवून कुणी खोटं बोलेल हे आमच्या मनातच येत नाही हो. तिने ते सगळं न्हाणीच्या चुलीत घातलं. सीड्यांचा वास दुसऱ्या दिवशीपर्यंत गेला नाही. मग मुलीला निरोप दिला, "निश्चिंत हो गो. पोलीस नकोत."

मुलगी थांबली. लग्न झालं. नवऱ्याच्या चुलतभावाने तिला कॉम्प्युटरवर बघितलं, आणि सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं.

बापाला घेऊन ती पुन्हा आली. ओरडली नाही, रडलीही नाही. "काकी, तुम्ही सांगितलंत म्हणून मी थांबले."

"अगो, मी माझ्या हाताने जाळलं."

"ते जाळून जात नाही, काकी."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण लुगडं बदलून माझ्या दारात. "वहिनी, चला माझ्याबरोबर." चौकीत हवालदार म्हणाला, "मावशी, पोटचा मुलगा ना? घरी जाऊन विचार करा."

"विचार करूनच आल्ये," ती म्हणाली. मुलाचं नाव बापाच्या नावासकट सांगितलं. तुमचं नातं काय, असं त्याने लिहिता लिहिता विचारलं, तेव्हा मात्र तिने माझ्याकडे बघितलं. मग मीच म्हटलं, "आई."

तो जामिनावर सुटला. धंदा वाढला. पुढे पेपरात त्याच्यावर मोठा लेख आला, फोटोसकट. यशस्वी उद्योजक वगैरे, आणि शेवटी एक ओळ, की पार्श्वभूमी वादग्रस्त आहे. त्या एका ओळीत ती सावर्ड्याची मुलगी आहे. ती अजून माहेरीच असते.