मास्तरांचे दोन कागद

दक्षिणेत आवडी नावाच्या गावी सरकारी कारखान्यात मी राजपत्रित अधिकारी, म्हणून लोक माझ्याकडे सही-शिक्क्याला येतात. एक निवृत्त तंजावरी मराठी मास्तर दर वर्षी पेन्शनसाठी हयातीचा दाखला आणत आणि शिक्क्यावर फुंकर घालून शाई वाळवत.

यंदा त्यांनी दोन शेजारी साक्षीला आणले आणि आणखी एक कागद. त्यात लिहिलं होतं, बरं होण्याची आशा नसेल तर मला यंत्रावर जगवू नका.

"आधी हयातीचा करा," ते म्हणाले. "म्हणजे दुसऱ्या कागदावर शंका नको."

"तब्येत बरी आहे ना, मास्तर?"

"उत्तम."

मी दोन्हींवर शिक्का मारला.

"बायकोच्या वेळी डॉक्टरांनी मला विचारलं, यंत्र काढायचं का? ती जाऊन तीन वर्षं झाली, मी अजून विचार करतोय." त्यांनी दुसऱ्या शिक्क्यावर फुंकर घातली. "मुलीला कुणी विचारू नये."