ब्रिंग, टेक आणि म्हात्रे काकूंचा टोप

आमच्या घरात इंग्रजी मला येतं. हे मीच ठरवलंय, आणि बायकोने आजवर ते कधी तपासून पाहिलं नव्हतं.

मग वैशालीला माजिवड्याच्या एका दातांच्या दवाखान्यातून रिसेप्शनच्या नोकरीसाठी बोलावणं आलं. मुलगी हॉस्टेलला गेल्यापासून तिला घर खायला उठायचं. नोकरी हवीच होती, आणि ही पहिलीच मुलाखत. आदल्या दिवशी तिने विचारलं, "अहो, पेशंटला फोनवर काय सांगायचं? रिपोर्ट ब्रिंग करा की टेक करा?"

मला असला हुरूप आला! म्हटलं, वस्तू बोलणाऱ्याकडे येत असेल तर ब्रिंग, त्याच्याकडून दुसरीकडे जात असेल तर टेक.

"म्हणजे आणणं आणि नेणं. एवढंच ना?"

एवढंच होतं. पण एका वाक्यात आटोपलं तर गुरूला कोण विचारणार? (गुरू म्हणजे मी.) म्हटलं, प्रात्यक्षिक करू. शेजारच्या म्हात्रे काकूंकडून वाटीभर साखर ब्रिंग कर, मग त्यांची वाटी टेक कर.

आमच्या मानपाड्याच्या गल्लीत कुणाचं भांडं रिकामं परत जात नाही, हे मी साफ विसरलेलो. वैशालीने त्याच साखरेचा शिरा केला. वाटीभरच कसा द्यायचा, म्हणून आमचा डबाही भरला. काकू इथल्या मूळच्या, त्या थोडीच ऐकणार? डब्यातून तांदळाच्या भाकऱ्या आल्या. भाकऱ्या कोरड्या कशा खाणार, म्हणून कालवण घेऊन जा असा निरोपही आला. संध्याकाळ झाली तरी मुलाखतीची तयारी शून्य, आणि ओट्यावर पाय ठेवायला जागा नाही (ठेवणार नव्हतो, पण तरी).

"आता शेवटचं ब्रिंग मी करून दाखवतो," म्हणून कोळंबीच्या कालवणाचा टोप मीच आणायला गेलो. व्याकरण समजावत घरात शिरलो, पायपुसण्यात पाय अडकला, आणि अख्खं कालवण इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेल्या मुलाखतीच्या साडीवर.

वैशाली रडायलाच लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आवाज ऐकून काकू आल्या, साडी बघितली, तशाच घरी गेल्या आणि स्वतःची निळी साडी घेऊन आल्या.

"ही नेस. पन रिकामी परत आनू नको. नोकरी घेवून ये."

दुसऱ्या दिवशी साडी परत गेली ती पेढ्यांच्या बॉक्ससकट. झालं असं, की मुलाखत चालू असतानाच दवाखान्यातला फोन वाजला, हिने सरळ उचलला आणि पेशंटला रिपोर्ट ब्रिंग करायला सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी तिथेच विचारलं, कधीपासून येता?

"बघ, माझं इंग्रजी कामाला आलं," मी म्हटलं.

"तुमचं होय? ते मी सकाळी निघतानाच तुम्हाला परत केलं. रिकामं नाही हो, ओट्यावर वाटीत शिरा आहे."

शिरा छान झालेला. वाटी घासून ठेवलीये, पण तिला परत देताना त्यात काय घालावं, ते मला अजून सुचलेलं नाही.