मामाजींचा पिवळा धान

काल सकाळी आमगावजवळच्या आमच्या शेतात मामाजींनी मला चोरी करताना पकडलं... न केलेली चोरी! मामाजी म्हणजे माझे सासरे. शेतातला शेवटचा शब्द त्यांचाच.

गेली दोन वर्षं आमचा धान निसवला रे निसवला, लोंब्या बाहेर आल्या की आडवा होतो. कारण अख्ख्या गावाला ठाऊक... युरिया. नत्र जास्त झालं की धान काळपट हिरवा होऊन नुसता माजतो, ताटं उंच आणि लुसलुशीत होतात, आणि लोंब्यांचं ओझं आलं की साध्या वाऱ्यानेही लोळण घेतात. पण मामाजींना सांगणार कोण? त्यांना धान कायम पिवळाच दिसायचा. "पिवरा पडून राहिला, टाका युरिया!"

पोटॅशने ताट टणक होतं, म्हणून मी दरवर्षी त्यांच्या मागे लागायची. तर म्हणायचे, "टाकून रंग दिसत नाही, ते कायचं खत?" झालं... विषय संपला.

बरं, पडलेल्या धानाचं खापर कोणावर? तर शेजारच्या सुखदेवकाकांवर. त्यांची नजर लागली म्हणे! लहानपणापासूनचे दोस्त, दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसून रोज एकत्र जेवणारे... आणि दोन वर्षं अबोला. मला फार वाईट वाटायचं.

यंदा मामाजी एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला गोंदियाला गेले आणि मी डाव साधला. पोटॅश दिलं, युरियाची शेवटची गोणी उघडलीच नाही. पण जीव नुसता टांगणीला... यंदाही धान पडला असता, तर घरचा तांदूळ गेलाच आणि वर सगळी बोलणी मला.

काल ते ऑपरेशननंतर पहिल्यांदा शेतावर आले. धुऱ्यावर थबकले आणि कडाडले, "काऊन वं बाई! माज्या माघारी किती युरिया टाकला? धान काराभोर करून ठेवला!"

मी देवाशपथ सांगितलं, युरियाचा दाणाही टाकला नाही, फक्त पोटॅश दिलं. पटेना. मग काय वाटलं कुणास ठाऊक, काळा चष्मा वर करून त्यांनी नवा डोळा मिटला... "पिवरा." मग जुना मिटला... "कारा." पुन्हा पिवरा. पुन्हा कारा. भर सकाळी धुऱ्यावर उघडझाप चालू!

तेवढ्यात पलीकडून सुखदेवकाकांचा आवाज आला. "काऊन बा, दोन वरसं बोलला नाही, अन् आता डोरा मारून राहिला?"

मी हसता हसता चिखलातच बसले. मामाजी मात्र हसले नाहीत. धुरा ओलांडून गेले, काकांचा हात धरला आणि म्हणाले, "सुक्या, नजर तुजी नवती रे... माजीच होती."

काकांनी खिशातून तंबाखू-सुपारीचा खर्रा काढला आणि अर्धा मामाजींच्या हातावर ठेवला. माझे डोळे भरून आले, आणि मला तर मोतीबिंदूही नाही.

परत येताना मामाजींनी निसवूनही ताठ उभ्या धानावरून हात फिरवला. हळूच म्हणाले, "पोटॅशचा रंग दिसला वं बाई."

डोळ्यांच्या डॉक्टरसाहेब, मनापासून आभार... एका डोळ्यात तुम्ही आमचा धान वाचवलात आणि एक जुनी दोस्तीही. दुसरा डोळा अजून बाकी आहे. तोवर युरियाची गोणी मी कुलपात ठेवली आहे!